नर्सबाईंची उसवलेली शिवण

९ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र माझं आहे हे तुला कळलंच असेल. फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि दुसऱ्या नंबरावरून केला तर माझं ‘हॅलो’ ऐकून ठेवून देतेस. दोन वर्षं झाली. काही सांगण्यासारखं घडलं की अजूनही तूच आठवतेस, त्याला मी काय करू?

तर घडलंय असं, की आपल्याकडे एक नर्सबाई यायला लागल्यात. आरोग्य केंद्रातल्या आहेत, घरोघरी फिरतात. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता येतात, त्याही दुकानातून नाही, मागच्या जिन्याने थेट वरती. माझं ब्लडप्रेशर जरा वाढलंय, म्हणून. काळजीचं काही नाही.

पण बाई मोठी अजब आहे. पन्नाशीची असेल, मनगटात पुरुषी घड्याळ, आणि केस इतके बारीक कापलेले की मागून बघितलं तर कुणीतरी काका वाटावेत. पहिल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, “घर दाखवता का?” मी म्हटलं, ब्लडप्रेशर काय भिंतीचं बघायचंय? पण दाखवलं. तर बाई प्रत्येक दाराशी थांबल्या. दार लावून बघितलं, उघडून बघितलं. “हे आतून लागतं का? कडी कोण लावतं? बाहेरून कुणी लावतं का?” मला वाटलं घर विकत घ्यायला आल्या की काय. मग खुर्चीत बसून विचारतात, “या घरात शेवटचं कोण हसलं आणि कशावर?”

मला आठवेना. राग आला मला. मी म्हटलं, “तुमच्या फॉर्मवर आहे का हा प्रश्न?” तर म्हणाल्या, “नाही, माझाच आहे.”

निघताना त्यांनी पांढऱ्या कोटाची खालची कड दाखवली. हातभर उसवलेली. “तुम्ही शिवणाऱ्या आहात म्हणे. टाकाल का चार टाके? थांबते मी.” मग मी सुई-दोरा घेऊन बसले आणि कड शिवून होईपर्यंत काय काय बडबडले कुणास ठाऊक. नवीन मशीनचा आवाज, ह्यांच्या बसच्या लांबलांबच्या फेऱ्या, जिन्याची मोडकी पायरी, सगळं. बाई आपल्या ऐकतायत. त्या गेल्यावर लक्षात आलं की दंडाला पट्टा बांधलाच नाही.

तुला नसेल उत्सुकता, मला आहे. मला कळायलाच हवं ही बाई नक्की करते काय.

बटण बरी आहे. तुझी भाची उंच झालीय, तुझ्या कानाच्या वर जाईल आता.

ताई

२४ जानेवारी

धाकटे,

मागच्या पत्रात मी तुला थाप मारली. माझं ब्लडप्रेशर ठणठणीत आहे. नर्सबाई येतात त्या बटणसाठी.

डिसेंबरात ती शाळेच्या जिन्यावर पडली. शाळेतून फोन आला, मी मापाची फीत तशीच गळ्यात घेऊन दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “घरी असं काय आहे जे ही हुंगते?” मी म्हटलं, शिवणाचं दुकान आहे, तिथे हुंगण्यासारखं काय असणार.  आणि कुणीही नाव न घेता मला बाटली दिसली. तुलाही दिसली असेल.

डाग काढायची ती बाटली. दोन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, “ताई, बाटली फार लवकर संपतेय. पोरगी हुंगतेय, मी बघितलंय.” आणि मी तुला म्हटलं की तू झाकण उघडं टाकतेस, म्हणून उडून जातं, आणि आता माझ्या पोरीवर ढकलतेस. ते मी दुकानात म्हटलं, तीन गिऱ्हाइकांसमोर. तू हातातला गणवेश अर्धा टाकून उठलीस. तो गणवेश मग मीच पुरा केला, बाही उलटी लागली.

तुझं बरोबर होतं. झालं, लिहिलं. आणखी काय लिहू?

बाटली आता घरात नाही. डाग पडलेले कपडे आले की सरळ परत पाठवते, लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. पण माझी अक्कल बघ. मी दहा हजार माणसांची मापं घेतली असतील. बटणची पॅन्ट वर्षात दोनदा कमरेत आत घेतली, दोन्ही वेळा मीच खडूने खूण केली, आणि म्हटलं वाढतं वय आहे, उंच होतेय. गिऱ्हाइकाची पोरगी असती तर मीच विचारलं असतं, अहो, हिला झालंय काय?

नर्सबाईंनी एक गोष्ट मात्र धडधडीत सांगितली, दोघांना समोर बसवून. हे हुंगणं म्हणजे दहा वर्षांनी काहीतरी होईल असलं प्रकरण नाही. एखाद्याच वेळेला, पहिल्या वेळेलासुद्धा, हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. आणि हुंगताना ती सापडली तर ओरडायचं नाही, मागे धावायचं नाही, दचकवायचं नाही, कारण त्यानेही तेच होऊ शकतं. खिडकी उघडायची, सावकाश बोलायचं आणि मदत बोलवायची. ह्यांनी विचारलं, “म्हणजे रागवायचंच नाही?” त्या म्हणाल्या, “रागवा की. शुद्धीवर असेल तेव्हा रागवा.”

मला ओरडू नका म्हणणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

आता गंमत ऐक. दुसऱ्या मंगळवारी बाईंच्या बॅगेचा पट्टा सुटला होता. तिसऱ्या मंगळवारी कोटाचा खिसा. मी खिसा उलटा करून बघितला आणि माझी मान वर झाली. कापड ताणून फाटलं की दोरा लोंबतो, कडेला कापड विरतं. इथे एकेक टाका ब्लेडने कापलेला होता, सावकाश, कापडाला न दुखवता. ही शिवण आपोआप उसवली नव्हती.

मी खिसा शिवून दिला. पण धाकटे, भलीचांगली शहाणी बाई दर सोमवारी घरी बसून स्वतःचे कपडे उसवते, हे काय प्रकरण आहे?

ताई

७ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही तुझं. बरं. मी शिवणीचा शोध लावला ते सांगते.

मी सापळा लावला. खिसा शिवताना दुहेरी दोरा घेतला, उलटी टीप मारली, कोपऱ्यांना गाठी घातल्या. हत्तीने ओढला तरी निघणार नाही असा केला. पुढच्या मंगळवारी बाई आल्या, खिसा जागच्या जागी, आणि बाही खांद्यात उसवलेली. मी कोट मांडीवर घेतला आणि सरळ विचारलं, “ब्लेड कुठलं वापरता?”

बाई जराही लाजल्या नाहीत. म्हणाल्या, “घरातलंच. चांगलं नाही का चालत?”

मी म्हटलं, “तुम्ही आम्हाला वेडं समजता का?” तर म्हणाल्या, “पहिल्या दिवशी तुमचे हात मोकळे होते, तेव्हा तुम्ही माझ्याशी नुसत्या भांडत होता. हातात सुई दिली आणि जिन्याच्या पायरीपासून सुरुवात केलीत. मला त्या पायरीवरूनच तुमच्या घरात यायचं होतं.” सगळ्या घरी हेच करतात म्हणे. ज्या घरची आई आचारी आहे तिथे बसून खातात, तिथे त्यांचं वजन वाढतं. मागचे सहा महिने त्या एका न्हाव्याच्या घरी जात होत्या. त्याचा मुलगा गोळ्या घ्यायचा. न्हावी खुर्चीत बसवल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, म्हणून बाई दर आठवड्याला केस कापून घ्यायच्या. “मुलगा आता बरा आहे,” म्हणाल्या, “पण माझं हे असं झालंय.” आणि डोक्यावरून हात फिरवला.

मी हसले. खरंच हसले, पोट धरून. बटण आतल्या खोलीतून बघायला आली की आईला काय झालं. बाईंनी ताबडतोब वही काढली, घड्याळ बघितलं आणि लिहून घेतलं: शेवटचं कोण हसलं, कशावर.

पण मग त्या जे म्हणाल्या ते मला लागलं. म्हणाल्या, “माझ्या एका खिशासाठी तुम्ही तीन आठवडे डोकं चालवलंत. पोरीच्या बाबतीत एवढ्या चौकस कधी झालात?” मी म्हटलं, रोज विचारते की, का करतेस असं, काय कमी केलं तुला. “तो प्रश्न नाही,” म्हणाल्या, “तो आरोप आहे. तिला ठाऊक असलेलं आणि तुम्हाला ठाऊक नसलेलं काहीतरी विचारा.”

दोन दिवस मी शब्द जुळवत होते. मग बटणला जुन्या बटणांचा डबा दिला, रंग वेगळे करायला, आणि मी काज करत बसले. आणि विचारलं, “ते केलं की होतं काय?” तिने मूठभर बटणं टेबलावर ओतली. मग म्हणाली, “पाच मिनिटं मला कुणी हाक मारत नाहीये असं वाटतं. मग डोकं फुटतं. मग लाज वाटते. आणि लाज वाटली की परत.” आणि पांढरी बटणं एकीकडे सारत राहिली.

मला ‘हाक’ हा शब्द काही कळला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तर मी कापडाच्या टेबलाच्या कडेला खडू घेऊन खुणा केल्या. तिला हाक मारली की एक रेघ. बटण, दोरा दे. बटण, इस्त्री बंद केलीस का. बटण, बाई आल्यात, माप धर. बटण, कुठेयस. बटण, काही नाही, बघत होते. दुपारी बारापर्यंत अडतीस रेघा झाल्या. शेवटच्या सहा हाका तर ती घरात आहे ना एवढंच बघायला होत्या.

मी पुसून टाकल्या त्या. पण मोजलं ते मोजलंच.

ह्यांनाही काम दिलंय. घरी असतील त्या दिवशी रोज दहा मिनिटं पोरीशेजारी बसायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी चौथ्या मिनिटाला घोरायला लागले. बटणने त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि उरलेली सहा मिनिटं तिथेच बसली. मी दारातून बघितलं, ती ह्यांच्याकडे बघत होती, अगदी नवीन माणसाकडे बघावं तशी.

तू असतीस तर आपण दोघींनी बाईंची नक्कल केली असती.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकटे,

शनिवारी दुपारी बटण मागच्या जिन्यात सापडली. तोंडाशी कापड. बाटली कुठून आणली ते अजून सांगत नाही, मैत्रिणीकडून असेल.

मी ओरडले नाही.  जिन्याची खिडकी उघडली. दोन पायऱ्या खाली बसले. म्हटलं, “मी आहे. घाई नाही.” ही दोन वाक्यं मी बाईंसमोर पाठ केली होती, लहान मुलाने कविता पाठ करावी तशी. मग फोन केला. गाडी येईपर्यंत बारा मिनिटं मी तिचा श्वास बघत होते. आत, बाहेर, आत, बाहेर. मी इतकी कधी घाबरले नव्हते.

ती ठीक आहे. दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. ह्यांनी गाडी अर्ध्या वाटेवर दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि आले, आणि आल्यावर मला म्हणाले, “हिला कुठेतरी ठेवून टाकू, लांब.” बटण ऐकत होती.

मंगळवारी बाई आल्या त्या धड कोट घालून. कुठेही काही उसवलेलं नव्हतं. मला वाटलं आता त्या म्हणणार, संपलं, आमचा उपाय हरला. त्यांनी कागदावर घड्याळ काढलं आणि बटणच्या हातात पेन्सिल दिली. “शनिवारचा दिवस. कुठल्या तासाला पहिल्यांदा मनात आलं?” बटणने तीनवर खूण केली. आदल्या वेळी कधी? पुन्हा तीन, साडेतीन. त्याआधी? चारच्या आत. शाळेतून आल्यावर मी दुकानात ट्रायलला असते, वर ती एकटी, आणि दर पाच मिनिटांनी माझी खालून हाक. बाई म्हणाल्या, “म्हणजे सगळा दिवस नाही सांभाळायचाय. दोन तास सांभाळायचेत.” मी म्हटलं, मी दुकान बंद करते. बटण म्हणाली, “नको. तू नुसती बघत बसशील.”

मग बाईंनी तिला विचारलं, “असं कुठलं घर आहे जिथे तुला एकटीला सोडणार नाहीत आणि तुझ्यावर पहाराही ठेवणार नाहीत?”

“मावशीचं,” बटण म्हणाली. श्वासही घेतला नाही मध्ये.

मी म्हटलं, मावशी कशाला ठेवून घेईल, तिचं आपल्याशी बोलणं नाही. तेव्हा बटण बाईंना म्हणाली, माझ्याकडे न बघता, “मावशीने तेव्हा गिऱ्हाइकांसमोर माझं नाव नाही घेतलं. एकदा आईला हळू सांगितलं होतं, तेवढंच. आई सगळ्यांसमोर ओरडली तरी ती काही बोलली नाही.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि आईला माहीत होतं.”

बाईंनी मला काही विचारलं नाही. माझ्या हातात शिवायलाही काही नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. मागे मी लिहिलं की तुझं बरोबर होतं. ते अर्धं होतं. त्या दिवशी सकाळीच, तू बोलायच्या चार तास आधी, मला बटणच्या उशीखाली दुकानातलं फडकं सापडलं होतं. वासाचं. माझ्याच हाताने कड मारलेलं. मी ते धुतलं आणि मागच्या दोरीवर वाळत घातलं आणि खाली येऊन दुकान उघडलं. बटणने ते दोरीवर बघितलं. म्हणजे तिला दोन वर्षं माहीत आहे की मला माहीत होतं.

आणि मग तू येऊन कानाशी सांगितलंस. समोर शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या, शेजारच्या दोघी होत्या. मला वाटलं त्यांनी ऐकलं. मला पोरीची भीती वाटली नाही धाकटे, लोकांची वाटली. म्हणून त्यांना ऐकू जाईल असं मी तुझं नाव घेतलं. आणि वर मी हेही बोलले, की स्वतःला मूल नाही म्हणून दुसरीच्या पोरीवर आळ घेतेस. ते वाक्य मला रोज आठवतं. तुलाही आठवत असणार. मला त्याची लाज वाटते, आणि याहून मोठा शब्द मला सापडत नाही.

सोमवार ते शुक्रवार, तीन ते पाच. एवढंच मागतेय. माझ्यासाठी नाही म्हणालीस तरी चालेल. तिच्यासाठी हो म्हण. पुढच्या वेळी मी जिन्यात वेळेवर पोचेन की नाही, मला माहीत नाही.

ताई

६ मार्च

धाकटे,

हे पाकीट तू उघडणार नाहीस हे आता मला माहीत आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

दोन आठवडे मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होते. बटण म्हणाली, “मीच जाऊन विचारते.” मी म्हटलं, अजिबात नाही. बाई म्हणाल्या, “का नाही?”  काल गुरुवारी ती शाळेतून परस्पर तुझ्याकडे गेली. शाळा सुटल्यावर फोन केला तिने, “मावशीकडे चाललेय, पाचपर्यंत येते,” आणि ठेवला. मी तेवढ्या वेळात एकच पॅन्ट इस्त्री करत होते. कापडाला चकाकी आली, आता ती गिऱ्हाइकाला नवीन शिवून द्यावी लागणार. एकदाही फोन केला नाही. बाईंना सांगितलं तर वहीत लिहून घेतील.

साडेपाचला आली. तिला जवळ ओढून तोंडाचा वास घेऊ नये म्हणून मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. ती हसली मला तशी बघून. म्हणाली, तू दार उघडलंस. चहा दिलास. मोठाले पडदे शिवतेस आता आणि एक कड तिला धरायला दिलीस, दोन तास. आणि एकदाही हाक मारली नाहीस, काही हवं असलं की उठून तिच्याजवळ येऊन सांगितलंस. तिने हे मला दोनदा सांगितलं.

आणि माझी चारही पत्रं तुझ्या फ्रिजवर न उघडता पडलीत, हेही सांगितलं. तिने विचारलं तर तू म्हणालीस म्हणे, “तुझ्या आईची पत्रं ठाऊक आहेत मला. आधी तीन पानं नवीन मशीन, मग मुद्दा.” मला आधी राग आला आणि मग पहिलं पत्र आठवलं. मशीन होतं त्यात.

मग तिने विचारलं की रोज येऊ का. आणि तू तिला जे सांगितलंस ते तिने मला शब्द न बदलता सांगितलं, मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तू म्हणालीस, “तू हवी आहेस मला, रोज. पण बरं होताना माणूस घसरतं, आणि तू माझ्या घरी असताना घसरलीस, तर तुझी आई पहिलं बोट माझ्याकडे दाखवेल. सगळ्यांसमोर. ते मी एकदा सोसलं. पुन्हा नाही सोसवणार.”

रागाने नाही म्हणालीस, बटण म्हणाली. डोळे पुसत म्हणालीस.

 तू मला ओळखतेस. तसं झालं असतं तर मी तसंच केलं असतं, जिन्यात पळत येऊन, सगळी गल्ली गोळा करून. हे मला आज दुपारी कळलं आणि मी मशीन बंद करून बसले.

हे पाकीटसुद्धा फ्रिजवर ठेवशील. ठेव.

ताई

११ मार्च
(कार्ड)

धाकटे,

कार्ड उघडावं लागत नाही, म्हणून कार्ड. पोस्टमन वाचेल, तुझ्या खालचे दुकानदार वाचतील. वाचू देत.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या दुकानात चारचौघांत म्हटलं की बाटली माझ्या बहिणीने उघडी टाकली आणि आळ माझ्या मुलीवर घेतला. ते खोटं होतं. माझी मुलगी हुंगत होती. मला त्या सकाळपासून माहीत होतं. बहीण खरं बोलत होती. मूल नसल्यावरून मी तिला जे बोलले ते नीचपणाचं होतं.

बटणने हे वाचून मगच पाठवू दिलं. मी ‘तिची चूक झाली होती’ असं लिहिलं होतं, ते खोडून ‘हुंगत होती’ तिने घातलं. शाळेच्या मोठ्या बाईंना आणि शेजारच्या दोघींना काल बोलावून समोर बसवलं आणि हेच सगळं तोंडाने सांगितलं. बटण शेजारी उभी होती, तिच्या मनाने.

ती तुझ्याकडे असताना पुन्हा घसरली, तर दोष तुझा नसेल. हे मी लिहून देतेय. सोमवारी तीनला ती तुझ्या दारात असेल. मी बोलावल्याशिवाय येणार नाही.

हे कार्ड टाकू नकोस. माझी जीभ मला माहीत आहे. मी कधी उलटले, तर चारचौघांत माझ्यासमोर धर आणि मोठ्याने वाच.

ताई